पॅरिसमध्ये फिरताना: आधी बोंजूर, मग तिकीट

पॅरिसमधल्या बेकरीचं दार ढकललं की काउंटरपाशी पोचायच्या आत ‘बोंजूर’ म्हणायचं. गल्ल्यावर बाई असेल तर ‘बोंजूर मादाम’, पुरुष असेल तर ‘बोंजूर मस्यू’. समोरून बोंजूर परत आलं की मग मागणी: ‘यून त्रादिसियों, सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘एक त्रादिसियों पाव द्या’. पाव खरपूस हवा असेल तर ‘बियाँ क्वीत’, कमी भाजलेला हवा असेल तर ‘पा त्रो क्वीत’. पैसे काउंटरवरच्या तबकडीत ठेवायचे (बऱ्याच बेकऱ्यांत आता नाणी-नोटा थेट यंत्रात टाकतात), ‘मेर्सी’ म्हणायचं आणि निघताना ‘ओ रव्वार, बॉन झुर्ने’. रांगेत मागे दहा माणसं असली तरी हे सगळं याच क्रमाने होतं आणि अर्ध्या मिनिटात उरकतं.

यातलं पहिलं पाऊल गाळून थेट ‘वन बॅगेट प्लीज’ म्हटलं की समोरचा चेहरा आखडतो. तो इंग्रजीमुळे आखडत नाही. ओळखीच्या घरी गेलं तरी आपण उंबऱ्यातून हाक दिल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरत नाही, तसं इथे दुकानाचं आहे. पॅरिसची माणसं उद्धट असतात ही तक्रार युरोप करून आलेल्या प्रत्येक घरात ऐकू येते. त्यातली निम्मी तरी या एका गाळलेल्या शब्दातून निघालेली असते असं माझं ठाम मत आहे. बसच्या ड्रायव्हरला, औषधाच्या दुकानात, तिकिटाच्या खिडकीवर, संग्रहालयात बॅग तपासणाऱ्या रक्षकाला, हॉटेलच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाला, सगळ्यांना आधी बोंजूर. संध्याकाळी सहाच्या सुमारापासून त्याचं ‘बोंस्वार’ होतं. रस्त्यात कुणाला पत्ता विचारायचा असेल तरी ‘बोंजूर, एक्स्क्यूझे-म्वा’, थोडं थांबायचं, आणि मग ‘पार्ले-व्हू आंग्ले?’ एवढं झालं की बहुतेक तरुण मंडळी स्वतःच इंग्रजीत बोलायला लागतात. कपड्यांच्या दुकानात नुसतं बघायला शिरलात तरी बोंजूर म्हणा. ‘काही मदत हवी का’ असं विचारलं तर ‘ज रगार्द, मेर्सी’ म्हणजे ‘बघतोय’ एवढं पुरतं.

बाजारात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. भाजी-फळांच्या गाड्यावर माल हाताने चाचपून, दाबून निवडायची आपली सवय तिथे चालत नाही. विक्रेता निवडून देतो, आणि चांगला देतो. आंबा किंवा खरबूज आज खायचं की उद्या हे सांगितलं की तो त्या हिशेबाने पिकलेलं काढतो. स्वतः उचलून घ्यायची परवानगी असेल तिथे पिशव्या किंवा टोपल्या समोर ठेवलेल्या दिसतात.

आता तिकिटं. पैसे आणि मनस्ताप दोन्ही इथेच सर्वांत जास्त वाया जातात. जानेवारी २०२५ पासून पॅरिस आणि भोवतालच्या इल-द-फ्रान्स प्रांताची तिकीटपद्धत मुळापासून बदलली. झोनचा हिशेब, दहा कागदी तिकिटांचा जुडगा, हे चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकांचे सल्ले आता विसरायचे. नव्या पद्धतीत तीनच एकेरी तिकिटं महत्त्वाची. पहिलं मेट्रो, लोकल ट्रेन आणि आरईआर (शहर आणि उपनगरं जोडणारी जलद रेल्वे) यांचं, २.५० युरो, अंतर कितीही असो. शहरातली दोन स्टेशनं असोत, व्हर्सायचा राजवाडा असो की डिस्नेलँड, दर तोच. दुसरं बस आणि ट्रामचं, २ युरो. तिसरं विमानतळाचं, १३ युरो. हे २०२५ चे दर होते, दर जानेवारीत ते थोडे वाढतात.

फसगत कुठे होते ते नीट बघा. मेट्रोच्या तिकिटावर दोन तासांत मेट्रोतून आरईआर, आरईआरमधून लोकल अशी गाडी बदलता येते. बसच्या तिकिटावर दीड तासात दुसरी बस किंवा ट्राम घेता येते. पण मेट्रोतून उतरून बस धरली तर दुसरं तिकीट लागतं, कारण ही दोन वेगळी कुटुंबं आहेत. मेट्रोच्या बाहेर पडून कॉफी पिऊन परत त्याच तिकिटावर आत जाणंही होत नाही. आणि मेट्रोच्या तिकिटावर विमानतळापर्यंत गेलात तर तिथलं फाटक उघडत नाही. तिथे तपासनीस उभे असतात आणि दंड जागच्या जागी भरावा लागतो.

तिकीट ठेवायला नाविगो ईझी नावाचं कार्ड मिळतं, २ युरोला. त्यावर नाव नाही, फोटो नाही. मेट्रोचं आणि बसचं अशी दोन्ही तिकिटं एकाच कार्डावर भरून ठेवता येतात, फाटकाला लावलं की योग्य ते तिकीट आपोआप कापलं जातं. पण कार्ड माणशी एक हवंच. चौघांचं कुटुंब एकाच कार्डावर दहा तिकिटं भरतं, पुढचा आत जातो आणि कार्ड मागे देतो, आणि तिथेच गाडी अडते. एका प्रवासात एक कार्ड एकाच माणसाचं, ही यंत्राची अट आहे, तपासनीसही तेच बघतो. फोनमध्ये तिकीट घेतलं तरी एक फोन एक माणूस. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, चार ते नऊ वर्षांच्या मुलांना निम्मा दर.

आठवडाभर राहणार असाल तर नाविगो देकुव्हर्त हे दुसरं कार्ड विचारात घ्या. कार्डाचे ५ युरो, त्यावर अडीच बाय तीन सेंटिमीटरचा फोटो चिकटवून नाव लिहायचं, आणि त्यात साप्ताहिक पास भरायचा. २०२५ मध्ये पास ३१.६० युरोचा होता. तो सोमवारी सुरू होतो आणि रविवारी रात्री संपतो, तुम्ही कोणत्याही दिवशी घेतलात तरी. त्या आठवड्याचा पास आधीच्या शुक्रवारपासून चालू आठवड्याच्या गुरुवारपर्यंतच विकत मिळतो. यात बस, मेट्रो, आरईआर आणि विमानतळाचा प्रवास, सगळं येतं. २०२५ च्या दरांनी हिशेब सोपा आहे: विमानतळाच्या जाण्यायेण्याचे २६ युरो त्यातच गेले, उरलेल्या साडेपाच युरोंत जेमतेम दोन मेट्रो तिकिटं येतात. म्हणजे सोमवारी उतरून रविवारी परत निघणाऱ्याने हा पास डोळे मिटून घ्यावा. गुरुवारी उतरून पुढच्या मंगळवारी निघणाऱ्याला तो परवडत नाही, कारण आठवडा मध्येच तुटतो. फोटो चिकटवायला मात्र विसरू नका. बिनफोटोचं कार्ड तपासनीस ग्राह्य धरत नाही. फोटो मुंबई-पुण्याहूनच कापून न्यावेत, तिथे स्टेशनवरच्या फोटोयंत्राला उगाच जास्त पैसे पडतात.

शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला आरईआरची बी लाइन. विमानतळाची दोन स्टेशनं आहेत: टर्मिनल १ आणि ३ साठी एक, टर्मिनल २ साठी दुसरं. परतताना घोटाळा होतो तो ओने-सू-ब्वा स्टेशनापाशी. तिथे लाइनला दोन फाटे फुटतात, एक विमानतळाकडे आणि एक मित्री-क्लेकडे. फलाटावरच्या फलकावर गाडी जिथे जिथे थांबणार त्या स्टेशनांची नावं उजळतात, त्यात विमानतळाचं नाव दिसल्याशिवाय चढायचं नाही. हीच गोष्ट डिस्नेलँडला जाताना ए लाइनवर: मार्न-ला-व्हाले शेसीची गाडी हवी, ब्वासी-सें-लेजेची नव्हे. व्हर्सायला सी लाइन, उतरायचं स्टेशन व्हर्साय शातो रिव्ह गोश. शांतिये नावाचंही व्हर्साय आहे, तिथून राजवाडा लांब पडतो. ओर्ली विमानतळाला जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट जाते, पण तिथेही तिकीट विमानतळाचंच लागतं.

टॅक्सी घ्यायची तर भाव करायचा प्रश्नच येत नाही, दर सरकारने ठरवलेला आहे. शार्ल द गोलपासून सेन नदीच्या उजव्या तीरावर ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. ओर्लीपासून डाव्या तीरावर ३६, उजव्या तीरावर ४५. हे २०२५ चे दर गाडीचे आहेत, माणशी नव्हेत, आणि सामान त्यातच आलं. उजवा तीर म्हणजे नदीच्या उत्तरेकडचा भाग, डावा म्हणजे दक्षिणेकडचा. हॉटेल कुठल्या तीरावर आहे ते आधीच बघून ठेवा. बाहेर पडण्याच्या दारापाशी कुणी ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ आलं तर ‘नों, मेर्सी’ म्हणून पुढे चालायचं आणि फलक लावलेल्या अधिकृत रांगेत उभं राहायचं. खऱ्या टॅक्सीच्या टपावर दिवा असतो: हिरवा म्हणजे रिकामी, लाल म्हणजे भरलेली.

मेट्रोत दिशा उत्तर-दक्षिण अशी लिहिलेली नसते. लाइनचा नंबर आणि शेवटच्या स्टेशनाचं नाव, एवढंच. १ नंबरने लूव्हरहून बास्तीयला जायचं तर ‘शातो द व्हँसेन’ दिशेचा फलाट, उलट जायचं तर ‘ला देफाँस’. म्हणजे प्रत्येक लाइनची दोन टोकं डोक्यात ठेवली की नकाशा सोपा होतो. नारिंगी फलकावर ‘कोरेस्पोंदांस’ लिहिलं असेल तर ती दुसऱ्या लाइनकडे जायची वाट, ‘सोर्ती’ म्हणजे बाहेर. ७ आणि १३ नंबरच्या लाइनला फाटे आहेत, तिथे आरईआरसारखंच गाडीवरचं टोक बघून चढायचं. नकाशावर शातले स्टेशनवर गाडी बदलणं जवळचं वाटतं, पण तिथले भुयारी मार्ग इतके लांब आहेत की सामान असेल तर एखादं स्टेशन पुढे जाऊन बदललेलं बरं. लूव्हर संग्रहालयासाठी ‘लूव्हर-रिव्होली’ला उतरू नका, त्याच्या शेजारचं ‘पाले रोयाल’ हे खरं स्टेशन. मेट्रोतून बाहेर पडताना कार्ड लावावं लागत नाही. आरईआरमधून पडताना लागतं, म्हणून ते बॅगेच्या तळाशी टाकू नका.

डब्याच्या दाराशी घडीच्या खुर्च्या असतात. डबा रिकामा असताना खुशाल बसा. गर्दी झाली की मुकाट्याने उठून उभं राहायचं आणि खुर्ची मिटू द्यायची, कारण त्या जागेत दोन माणसं जास्त मावतात. हे कुणी सांगायची वाट पाहायची नसते. पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवायची. दाराजवळ उभे असाल आणि स्टेशन आलं तर खाली उतरून उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग परत चढायचं. तुमची जागा कुणी घेत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांची. काही जुन्या गाड्यांत दार आपणहून उघडत नाही, बटण दाबावं किंवा खिट्टी वर उचलावी लागते. भोंगा वाजला की धावून चढायचं नाही. दोन-तीन मिनिटांत पुढची गाडी येते.

आणि आवाज. पॅरिसच्या डब्यात लोक बोलतात, पण शेजारच्याला ऐकू जाईल इतपतच. दहा-पंधरा जणांचा आपला गट डब्यात शिरला आणि या टोकाकडून त्या टोकाकडे ‘पुढच्या स्टेशनला उतरायचंय गं’ सुरू झालं की सगळा डबा वळून बघतो. स्पीकरवर व्हिडिओ कॉल तर अजिबात नको. कुठे उतरायचं ते फलाटावरच ठरवा आणि दोन डब्यांत विभागून चढा.

मेट्रोचं जाळं जगातल्या उत्तम जाळ्यांपैकी एक आहे, पण १९०० साली सुरू झालेल्या या मेट्रोत जिने फार आहेत. जिथून तिथे लिफ्टने जाता येईल अशी पूर्ण लाइन एकच, १४ नंबरची. आई-वडील बरोबर असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, बाबागाडी असेल, तर बस घ्या. मी तर म्हणेन कुणाचे गुडघे दुखत नसले तरी घ्या. ६९ नंबरची बस आयफेल टॉवरच्या शां द मार्सपासून ओर्से संग्रहालय, लूव्हर, ओतेल द व्हील (नगरभवन), बास्तीय करत पेर लाशेज दफनभूमीच्या बाजूला जाते. बसच्या एका तिकिटात अर्धं पॅरिस खिडकीतून दिसतं. थांब्यावर बस आपणहून थांबेलच असं नाही, हात दाखवायचा. पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरला बोंजूर, कार्ड लावायचं, उतरताना लाल बटण दाबून मधल्या दाराने उतरायचं. मेट्रोत एक अपवाद सांगतो: ६ नंबरची लाइन बरीचशी पुलावरून जाते. एत्वालहून नासियोंच्या दिशेने जाताना पासी स्टेशन सुटलं की डाव्या बाजूला बघा, नदी ओलांडताना आयफेल टॉवर पूर्ण दिसतो. मोंमार्त्रला आबेस स्टेशनवर उतरलात तर मात्र लिफ्टच घ्या. ते जमिनीखाली ३६ मीटर, सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक आहे आणि गोल जिना संपता संपत नाही.

पायी फिरणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. शहराचे २० विभाग लूव्हरपासून गोगलगायीच्या शंखासारखे बाहेर फिरत जातात, आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा नंबर: ७५००५ म्हणजे पाचवा. घरांचे नंबरही नदीच्या हिशेबाने आहेत. सेनला समांतर रस्त्यावर नंबर प्रवाहाबरोबर, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यावर एक नंबर नदीच्या बाजूला. फोनची बॅटरी संपली तरी दोन घरांचे नंबर बघून नदी कुठे ते कळतं. सायकलींची पट्टी मात्र ओळखायला शिका. रिव्होली रस्त्याचा मोठा भाग आता सायकलींना दिलेला आहे, आणि फोटो काढायला मागे मागे सरकणारा पर्यटक तिथे हमखास धडकतो. भाड्याच्या विजेच्या स्कूटर सप्टेंबर २०२३ पासून बंद आहेत. भाड्याच्या व्हेलिब सायकली आहेत, हिरव्या पायडलच्या, निळ्या विजेच्या.

खाण्यापिण्याचे नियम थोडे सावकाश समजून घ्यावे लागतात, कारण इथे शाकाहारी मराठी माणसाची खरी पंचाईत होते. रेस्तराँमध्ये शिरून रिकाम्या टेबलावर जाऊन बसायचं नाही. दारात थांबायचं, बोंजूर म्हणायचं, किती जण ते बोटांनी दाखवायचं, ते बसवतील तिथे बसायचं. स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातपासून दहापर्यंत चालतं. साडेतीनला जेवायला गेलात तर ‘नाही’ ऐकावं लागेल, आणि त्यात तुमचा अपमान नाही. दारावर ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ लिहिलं असेल तिथे मधल्या वेळीही जेवण मिळतं. पाणी मागताना नुसतं ‘वॉटर’ म्हटलं की विकतची बाटली येते. ‘यून काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं, ते प्यायला उत्तम असतं, आणि जेवणाबरोबर ते देणं कायद्याने बंधनकारक आहे. पावाचे पैसे नसतात. तो थाळीत नाही, टेबलावरच ठेवतात. कॉफी म्हटलं की लहान कपात कडक एस्प्रेसो येते. तीच काउंटरशी उभं राहून प्यायलं तर स्वस्त, बाहेर खुर्चीत बसून महाग, दोन्ही दर पाटीवर लिहिलेले असतात. बाहेरच्या टेबलांवर सिगारेट ओढायला अजून परवानगी आहे, लहान मुलं असतील तर आत बसा.

जेवण संपलं तरी बिल आपणहून येत नाही. वेटर विसरलेला नसतो. ग्राहकाला उठवल्यासारखं होऊ नये म्हणून तो थांबतो. नजर मिळाली की ‘लादिसियों, सिल व्हू प्ले’. चुटकी वाजवणं, ‘गार्सों’ म्हणून हाक मारणं नको. सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, वर एक-दोन युरो ठेवले तर आनंदाने, नाही ठेवले तरी चालतं. पर्यटकांच्या भागात कार्डयंत्रावर टिप किती टक्के ते विचारतात, तिथे शून्य दाबायला संकोच करू नका.

आता शाकाहार. ‘वेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नका, कारण मासे, रस्सा आणि डुकराच्या चरबीचे तुकडे त्यांच्या लेखी बरेचदा ‘मांस’ या सदरात येत नाहीत. सॅलडवर लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकलेले असतात. कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या रश्शात शिजतं. किश लोरेनमध्येही लार्दों. भाजीचं सूपसुद्धा कोंबडीच्या रश्शात असू शकतं. रोकफोर, कोंते, पारंपरिक कामांबेर ही चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी हे जाणून घ्यावं. क्रोसाँला चकाकी अंड्याने येते. कडक पाळणाऱ्यांनी ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, मांसाचा रस्सा नाही’ हे फ्रेंचमध्ये लिहवून फोनवर ठेवावं आणि बोंजूरनंतर दाखवावं. तोंडी सांगण्यापेक्षा हे आत स्वयंपाक्यापर्यंत पोचतं.

बिनघोर खाण्यासारखं बरंच आहे. ‘त्रादिसियों’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावात काय असावं हे १९९३ च्या सरकारी आदेशाने ठरलेलं आहे: मुळात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, आणि गोठवलेलं पीठ चालत नाही. म्हणजे बिनअंड्याचा, बिनदुधाचा ताजा पाव चौकाचौकात मिळतो. ब्रेताँ पद्धतीच्या क्रेपरीत (क्रेपच्या खानावळीत) गालेत मिळते, ती म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं. ‘गालेत फ्रोमाज’ म्हणजे नुसतं चीज घातलेली मागा, ‘कोंप्लेत’ मागितलीत तर हॅम आणि अंडं येईल. मारे भागात रोझिए रस्त्यावर फलाफल मिळतं, पण तिथली बरीच दुकानं ज्यू मंडळींची आहेत, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी बंद. आणि डोसा-इडलीची आठवण झाली तर गार द्यू नॉर आणि ला शापेल या स्टेशनांमधल्या गल्ल्यांत जा. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची ती वस्ती, कढीपत्त्यापासून नारळापर्यंत सगळं मिळतं. जवळच पाजोल रस्त्यावर माणिक्क विनायकाचं देऊळ आहे. दर उन्हाळ्याच्या शेवटी गणपतीचा रथ या रस्त्यांवरून निघतो, रस्त्यात ढिगाने नारळ फोडतात. गणेशोत्सवाच्या सुमाराला तिथे असाल तर चुकवू नका. चपला बाहेर काढायच्या, हे वेगळं सांगायला नको.

स्वच्छतागृहांबद्दल मोकळेपणाने लिहिलंच पाहिजे. रस्त्यावर करड्या रंगाची ‘सानिझेत’ असतात, फुकट. आधीचा माणूस बाहेर आला की दार बंद होऊन आतली जागा आपोआप धुतली जाते, हिरवा दिवा लागल्यावर बटण दाबून जायचं. आधीच्या माणसाने दार धरून ठेवलं म्हणून घाईने आत शिरू नका, आधी धुलाई होऊ द्या. आत पाण्याचा जेट नसतो, हॉटेलातही नसतो, म्हणून बॅगेत छोटी बाटली ठेवा. ती भरायला रस्त्यांवर हिरवी वॉलेस कारंजी आहेत, १८७२ पासूनची, पाणी पिण्याचं.

खिसेकापू आहेत, आणि ते पर्यटक जिथे वर बघत उभे असतात तिथेच असतात: १ नंबरची मेट्रो, आरईआरची बी लाइन, आयफेल टॉवरसमोरचं त्रोकादेरो, मोंमार्त्रचं साक्रे-कर चर्च. दार बंद होण्याच्या क्षणी फोन हिसकावून उतरणं ही त्यांची नेहमीची पद्धत, म्हणून दाराशी उभं राहून फोन हातात धरू नका. साक्रे-करच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधायला हात पुढे करतात. बांधला की पैसे मागतात, आणि तो चटकन सुटत नाही. हात खिशात घालून चालत राहा. कागदाची पाटी घेऊन सही मागणाऱ्या मुली असतील तर थांबू नका, सही करताना दुसरी बॅग उघडते. मंगळसूत्र, सोन्याच्या बांगड्या घरी ठेवा. पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावास सोळाव्या विभागात आहे. पोलिसांसाठी १७, सर्व आणीबाणीसाठी ११२.

दिवस ठरवताना हे बघा: लूव्हर मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी. लूव्हरला वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते आणि जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो पडतात. अठराच्या आतल्यांना फुकट. नोत्र-दाम कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, प्रवेशाला पैसे नाहीत. कुणी बाहेर तिकीट विकत असेल तर घेऊ नका. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथलं ऑनलाइन तिकीट यूपीआयनेही घेता येतं. बरीच दुकानं रविवारी, काही सोमवारीही बंद. १ मे रोजी जवळजवळ सगळंच बंद. ऑगस्टमध्ये गल्लीतली बेकरी सुट्टीवर गेलेली असते, दारावर जवळच्या उघड्या बेकरीचं नाव लिहिलेलं असतं. संप असेल तर आदल्या दिवशीच कोणत्या लाइन किती चालणार ते जाहीर होतं. त्या दिवशी १, ४ आणि १४ नंबरच्या बिनचालकाच्या लाइनवर भिस्त ठेवा.

निघताना करातले पैसे परत मिळवायचे असतील तर एक क्रम पाळावा लागतो. तीन दिवसांच्या आत एकाच दुकानातून १०० युरोंहून जास्त खरेदी झाली असेल आणि वय सोळाच्या वर असेल, तर पासपोर्ट दाखवून दुकानातच ‘देताक्स’चा कागद करून घ्यायचा. विमानतळावर सामान देण्याच्या आधी ‘पाब्लो’ नावाच्या यंत्रापाशी जाऊन त्यावरचा बारकोड दाखवायचा. पडदा हिरवा झाला की काम झालं. लाल झाला तर शेजारच्या कस्टमच्या खिडकीवर कागद आणि वस्तू दोन्ही दाखवाव्या लागतात, म्हणून खरेदी बॅगेत वरच ठेवा आणि रांगेसाठी तासभर हाताशी धरा. एकदा सामान पट्ट्यावर गेलं की दाखवायला काही उरत नाही, मग ते पैसेही गेले.